'देअरफोर'च्या आधी काय लिहिले आहे?

लासुर्ण्यात रविवारी सायंकाळी वंदना आटोपली की आम्ही विहाराच्या पायरीवर तासभर बसतो. कारकुनी हा आमचा पेशा, कॉमर्सची पदवी गाठीला, आणि समाजकार्यात आमच्या वाट्याला जे काम आले ते अर्ज लिहून देण्याचे. कुणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कुणाच्या रेशनकार्डावर सुनेचे नाव चढलेले नसते, कुणाच्या पोराची शिष्यवृत्ती आलेली नसते. कागद पुढे येतो, आम्ही वाचतो आणि जमेल तसे उत्तर लिहून देतो. त्यात उपकार काही नाही. आमच्या वडिलांच्या वेळी असा कागद वाचायला दोन गावे पलीकडे जावे लागे, एवढेच आम्ही विसरलेलो नाही.

गेल्या पावसाळ्यात एक भगिनी अशीच आली. नवरा ट्रॅक्टरवर ऊस वाहतुकीचे काम करायचा. वर्ष झाले, तो गेला. त्याने हयातीत एक विमा उतरवला होता. त्या विम्याचे पैसे मागण्यासाठी हिने कागद पाठवले, आणि चार महिन्यांनी इंग्रजीत टाइप केलेले एक पत्र आले. ते तिने गावातल्या एका शिकल्यासवरल्या माणसाला दाखवले. त्याने वरून खाली नजर फिरवली आणि सांगितले, "नामंजूर झालंय मावशी, सोडा नाद." मावशीने नाद सोडला. ते पत्र घडी करून डब्यात ठेवले, डबा फळीवर ठेवला, आणि आणखी तीन महिने गेले.

विहारात ते पत्र आणले ते तिच्या मुलीने. मुलगी नववीत. आमच्याकडे इंग्रजीचा अभ्यास घेऊन येते. ती म्हणाली, "काका, ह्यात देअरफोर आहे. देअरफोर म्हणजे म्हणून. म्हणजे आधी काहीतरी असणार ना?"

वाचकहो, एका मुलीच्या ह्या एका प्रश्नावर आम्ही हा लेख लिहीत आहोत. इंग्रजी आपल्या घरात नोकरीसाठी शिकतात, मुलाखतीसाठी शिकतात, आता मोबाईलसाठीही शिकतात. परंतु इंग्रजीतले जे चार-दोन शब्द आपल्या आयुष्याच्या नाड्या धरून बसले आहेत, ते नीट कुणी शिकवत नाही. 'देअरफोर' हा त्यांपैकी एक. 'हेन्स', 'दस', 'सो' हे त्याचे भाऊबंद.

त्या पत्रात काय होते ते आधी सांगतो. पहिल्या वाक्यात दावा मिळाल्याची पोच होती. दुसऱ्या वाक्यात असे होते की, पॉलिसीवर नॉमिनी म्हणून जे नाव आहे ते, आणि ओळखपत्रावर जे नाव आहे ते जुळत नाही. तिसरे वाक्य 'देअरफोर'ने सुरू होत होते : म्हणून सध्या तुमच्या दाव्यावर पुढील कार्यवाही करता येत नाही. 'सध्या' हा शब्द त्यात होता. 'नामंजूर' हा शब्द पत्रात कुठेही नव्हता.

लग्नानंतर आपल्या बायकांची नावे बदलतात. माहेरी एक, सासरी दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. नवऱ्याने विमा उतरवताना घरात हाक मारायचे नाव सांगितले, आधारकार्डावर दुसरेच नाव चढले. सगळा घोळ एवढाच होता. ज्या भल्या गृहस्थाने ते पत्र आधी वाचले त्याने फक्त 'देअरफोर'च्या पुढचे वाचले. त्याच्या मागचे वाक्य त्याने सोडून दिले, आणि खरे पत्र तर तेच होते.

आता शब्दाकडे येऊ. 'देअरफोर' हा जोडशब्द आहे. 'देअर' म्हणजे ते, तिथे. 'फोर' म्हणजे आपला ओळखीचा 'फॉर', साठी किंवा करिता. दोन्ही मिळून 'त्याकरिता', 'त्या कारणाने'. म्हणजे ह्या शब्दाच्या पोटातच एक बोट आहे आणि ते मागे दाखवते. संस्कृतातला 'तस्मात' अगदी असाच बनला आहे : 'तत्' म्हणजे ते, त्याची पंचमी 'तस्मात', त्यापासून, त्या कारणाने. पालीत तोच 'तस्मा' झाला. सुत्ते मोठ्याने म्हणणाऱ्या आपल्या बांधवांच्या कानांना तो परिचयाचा आहे. भाषा वेगळ्या, मुलूख वेगळे, परंतु माणसाने निष्कर्ष काढताना बोट मागेच दाखवले.

'हेन्स'ची चाल थोडी निराळी. मूळ अर्थ 'येथून'. म्हणून 'टू इयर्स हेन्स' म्हणजे 'आजपासून दोन वर्षांनी'. तिथे कुठलेही कारण सांगितलेले नसते, फसू नये. निष्कर्षासाठी वापरला तर 'हेन्स' म्हणजे 'यावरून'. कचेरीतल्या माणसांना तो फार आवडतो, कारण तो आखूड आहे आणि त्याच्या पुढे क्रियापदही लागत नाही. 'हेन्स द डिले.' झाले वाक्य! 'दस' म्हणजे मुळात 'अशा रीतीने'. तो निष्कर्षाइतकाच रीत दाखवतो. 'सो' बोलण्यातला आहे, घरगुती आहे. मैत्रिणीला लिहिताना 'सो' शोभतो, तहसीलदाराला लिहिताना 'देअरफोर'.

आपल्या मराठीत तर ह्या एका कामासाठी शब्दांची ही गर्दी! म्हणून, त्यामुळे, तेव्हा, यास्तव, सबब, तस्मात, अतएव, एवंच. पैकी 'एवंच' आता जुन्या निबंधांतच उरला. 'म्हणून' हा सर्वांत राबता आणि सर्वांत गमतीचा. तो 'म्हणणे' ह्या क्रियापदापासून झाला आहे. 'असे म्हणून' म्हणजे असे बोलून. आधी कोणी काही म्हटले आणि मग काही केले, ह्यातूनच 'त्या कारणाने' हा अर्थ पक्का झाला. पण 'म्हणून'ला आणखी कामे आहेत. 'तो शिपाई म्हणून लागला' ह्यात कारण काही नाही, तिथे इंग्रजीत 'ॲज' लागतो. 'सोनगीर म्हणून एक गाव आहे' ह्यात तर नुसते नाव आहे. आमची मुले 'म्हणून' दिसला की डोळे मिटून 'देअरफोर' टाकतात. एका मुलाने लिहिले होते, 'ही वर्क्स देअरफोर प्यून.' आम्ही हसलो नाही. चूक मराठीच्या समृद्धीची होती, मुलाची नव्हती.

आणि 'सबब'? हा अरबीतून फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला. मुळात अर्थ 'कारण'. कचेरीत गेला आणि 'देअरफोर' झाला : 'सबब विनंती की...' गावात राहिला आणि 'निमित्त', 'बहाणा' झाला : 'सबबी सांगू नकोस.' एकच शब्द, अर्ज करणाऱ्याच्या लेखणीत 'म्हणून' आणि अर्ज नाकारणाऱ्याच्या तोंडी बहाणा! आम्ही कचेरीत इतकी वर्षे काढली, त्या अनुभवाने सांगतो की हे दोन अर्थ एका शब्दात राहतात ते उगीच नाही.

शाळेतल्या मुलांना ही गोष्ट सर्वांत लवकर भूमितीत भेटते. तीन टिंबे असतात, दोन खाली, एक वर. मराठी माध्यमाची मुले ते चिन्ह 'म्हणून' असे वाचतात, इंग्रजी माध्यमाची 'देअरफोर' असे. तीच टिंबे उलटी केली, एक खाली, दोन वर, की झाले 'कारण'. ही टिंबे योहान रान नावाच्या एका स्विस गणितज्ञाच्या १६५९ सालच्या बीजगणिताच्या पुस्तकात पहिल्यांदा छापली गेली. भूमितीत आमचे गुरुजी एक शिस्त लावत. तीन टिंबे काढली की उजव्या बाजूला कंसात कारण लिहायचे : पक्ष, रचना, संमुख कोन, जे असेल ते. कारण लिहिले नाही की उत्तर बरोबर असूनही गुण कापत. त्या वेळी आम्हाला राग येई. आता वाटते, सगळ्या साहेबलोकांना त्या गुरुजींच्या वर्गात एक वर्ष बसवावे.

व्याकरणाची एक गोष्ट मुलांनी पक्की करावी. मराठीत 'म्हणून' दोन वाक्ये जोडतो : 'बस उशिरा आली म्हणून पहिला तास चुकला.' इंग्रजीत 'देअरफोर' हे क्रियाविशेषण आहे, जोडणारे अव्यय नव्हे. त्याला दोन वाक्ये एकट्याने बांधता येत नाहीत. 'द बस वॉज लेट' इथे पूर्णविराम द्यावा किंवा अर्धविराम द्यावा, मग 'देअरफोर' लिहावा, त्यानंतर स्वल्पविराम, आणि मग 'वी मिस्ड द फर्स्ट पीरियड.' दोहोंच्या मध्ये नुसता स्वल्पविराम टाकला तर परीक्षक तांबडी रेघ ओढतो. 'सो'ला मात्र स्वल्पविराम चालतो. दुसरी चूक 'बिकॉज' आणि 'देअरफोर' एकाच वाक्यात आणण्याची. मराठीत आपण 'कारण... म्हणून' असे दुहेरी टाके घालतो, ते खपते. इंग्रजीत एकच टाका. तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते. 'मी बाजारात गेले, देअरफोर मी भाजी घेतली.' बाजारात जाणे हे भाजी घेण्याचे कारण नाही. तिथे 'अँड' हवा, किंवा 'देन'. एकामागून एक घडले एवढ्यावरून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही.

ही तिसरी चूक व्याकरणापुरती राहिली असती तर आम्ही पुढे गेलो असतो. पण ती घराघरांत बसली आहे. सून घरात आली, त्याच महिन्यात म्हैस मेली, म्हणून सून पांढऱ्या पायाची! म्हशीला काय आजार होता, डॉक्टरला बोलावले होते की नव्हते, हे कुणी विचारत नाही. इंजेक्शनला उशीर झाला हे खरे कारण गोठ्यात पडून राहते, आणि 'म्हणून' जाऊन बसतो परघरातून आलेल्या मुलीच्या कपाळी. आपल्या समाजात असले होत नाही असे म्हणण्याची आमची इच्छा आहे, परंतु आम्ही ते बोलणे आमच्या कानांनी ऐकले आहे, आणि ज्यांनी ऐकवले त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. आधी आणि नंतर ह्यांचा धागा 'म्हणून'ने शिवला, की असली वाक्ये तयार होतात. 'मांजर आडवे गेले म्हणून बस चुकली' ह्यात नुकसान कुणाचे नाही. पांढऱ्या पायाच्या वाक्यात एक अख्खे आयुष्य जाते.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, तो आपण वारंवार सांगतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असा त्याचा भाव. भाषणांत इथेच थांबण्याची रीत पडली आहे. परंतु त्या दहा गोष्टींच्या यादीत तर्क आणि अनुमान ह्यांचीही नावे आहेत, तक्कहेतु आणि नयहेतु. म्हणजे नुसता 'देअरफोर' नीट बसला एवढ्यानेही मानू नका, असे तथागत सांगतात. मग कसोटी कोणती? ह्या गोष्टीने अहित होते की हित होते, जाणते लोक तिला निंदितात की वाखाणतात, हे स्वतः पाहून ठरवा. आम्ही हे पहिल्यांदा नीट वाचले तेव्हा चपापलो. आमची समजूत अशी होती की परंपरेच्या विरुद्ध तर्क, एवढाच मामला. पण तर्कालाही अनुभवाच्या दगडावर घासून पाहायचे आहे. सुनेचे उदाहरण घ्या. 'म्हैस मेली म्हणून' हा तर्क कुणी कितीही नटवला, तरी त्या घरात हित कुणाचे झाले हे विचारता येते.

'म्हणून' किती वजनाचा असतो आणि तो कुठे मोडतो, हे पाहायचे असेल तर महाडच्या तळ्याचा खटला वाचावा. तळ्याची गोष्ट सर्वांना तोंडपाठ आहे, खटल्याची फार थोड्यांना. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले ह्यांचा ठराव झाला. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर गेले. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरायच्या आधी काही स्पृश्य मंडळी कोर्टात गेली, आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. तो खटला महाडच्या कोर्टातून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईच्या हायकोर्टात असा तब्बल नऊ वर्षांहून अधिक काळ चालला.

त्या मंडळींच्या दाव्याची बांधणी अशी होती. अस्पृश्य लोक ह्या तळ्यावर कधीच पाणी भरत नव्हते. अनादि काळापासून अशी प्रथा आहे. अनादि प्रथेला कायद्याचे बळ असते. देअरफोर, त्यांना अडवण्याचा आम्हाला हक्क आहे. पाहा, वरवर साखळी किती घट्ट दिसते! १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया ह्यांच्यापुढे अपिलाचा निकाल लागला. कोर्टाने तिची एकच कडी उचलून पाहिली, ती 'अनादि काळापासून' ही. ती सिद्ध झाली नाही, असे कोर्टाने ठरवले. मग पुढचा सगळा 'देअरफोर' आपोआप गळून पडला आणि अपील खर्चासह फेटाळले गेले.

आमच्यासारख्या कारकुनाला ह्यातला एक बारकावा फार मोलाचा वाटतो. प्रथा अन्यायाची आहे म्हणून ती रद्द, असे कोर्टाने म्हटले नाही. प्रथा सिद्ध झाली असती तर ती वाजवी की गैरवाजवी, आणि तळे नगरपालिकेच्या मालकीचे असल्याचा परिणाम काय, हे पाहावे लागले असते; ती सिद्धच झाली नाही, तेव्हा ते प्रश्न उरत नाहीत, अशी कोर्टाची भूमिका होती. म्हणजे जेवढे कारण, तेवढाच निष्कर्ष. आपल्याला वाटते, कोर्टाने आणखी चार शब्द बोलायला हवे होते. आम्हालाही वाटते. परंतु बाबासाहेबांनी लढा जिंकला तो प्रतिपक्षाच्या 'देअरफोर'च्या मागच्या वाक्यावर बोट ठेवून, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण आमच्या पिढीच्या अंगावरून गेलेले. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती ठरवताना धर्माची अट होती, हिंदूंखेरीज दुसऱ्या धर्माचा माणूस त्यात धरला जात नसे. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला आपण धम्म घेतला, आणि केंद्राच्या नोकऱ्या-सवलतींपुरते आपण यादीबाहेर गेलो. राज्याने सवलती चालू ठेवल्या, केंद्राने नाही. आमच्या ओळखीच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्या काळचे एक पत्र जपून ठेवले होते. त्यातला मजकूर थोडक्यात असा : तुम्ही बौद्ध असल्याचे लिहिले आहे, देअरफोर तुमचा विचार करता येत नाही. ते म्हणायचे, "अरे, धर्म बदलला, पण गावाने आमची विहीर बदलली का? मधलं वाक्य कुठं गेलं?"

मधले वाक्य! प्रत्येक 'देअरफोर'च्या मागे एक उघड कारण असते आणि पुष्कळदा एक न बोललेले गृहीत असते. इथले गृहीत असे होते की धर्म बदलला की अस्पृश्यता संपली, गरिबीही संपली. ते कुणी तपासून पाहिले नव्हते. अखेर १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बौद्धांचा समावेश झाला. धर्म बदलल्याने सामाजिक व आर्थिक स्थिती बदललेली नाही, ही मागणीमागची बाजू त्या विधेयकाच्या उद्देशांतच मांडलेली आहे. ३४ वर्षे चाललेला 'देअरफोर' मागचे गृहीत काढून घेताच कोसळला. मधल्या काळात ज्यांचे वय निघून गेले, त्यांना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. पत्र जपणारे ते गृहस्थ त्यांपैकीच.

आता सरकारी मराठीविषयी थोडे. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. त्यामुळे तालुक्याचे, जिल्ह्याचे बहुतेक कागद मराठीत येतात, हे चांगले झाले. पण ते मराठी वाचतानाही धाप लागते. रस्त्याच्या, कालव्याच्या भूसंपादनाच्या अधिसूचना आपल्याकडे पुष्कळांनी हातात घेतल्या आहेत. इंदापूर-बारामती रस्त्याच्या कडेला जमीन असणाऱ्यांना तर पालखी मार्गाच्या वेळी त्या तोंडपाठ झाल्या. त्यांची सुरुवात 'ज्याअर्थी' ने होते. मग दुसरा 'ज्याअर्थी', मग तिसरा. शेवटी 'त्याअर्थी, आता,' आणि मग हुकूम. हा इंग्रजी नमुन्याचा तर्जुमा आहे : 'व्हेअरॲज... नाऊ, देअरफोर'. लोक पहिले सगळे 'ज्याअर्थी' ओलांडून थेट 'त्याअर्थी'वर जातात, कारण जमिनीचा गट नंबर तिथे असतो. आम्ही उलटे करायला सांगतो. गट नंबर पाहून घ्या, जीव थाऱ्यावर आणा, आणि मग प्रत्येक 'ज्याअर्थी'पुढे पेन्सिलीने खूण करा : हे खरे आहे का? हरकत घ्यायची असेल तर ती तिथेच घ्यायची असते. हुकूम मान्य नाही एवढे लिहून भागत नाही. कोणत्या 'ज्याअर्थी'त काय चुकले आहे, ते लिहावे लागते.

इंग्रजी कायद्यात आणखी एक चोरटा शब्द भेटतो. शेवटचे ई अक्षर नसलेला 'देअरफोर'. उच्चार जवळजवळ तोच, अर्थ 'त्याबद्दल', 'त्यासाठी'. 'रीझन्स देअरफोर' म्हणजे 'त्याबद्दलची कारणे'. मुलांनी ती छपाईची चूक समजू नये. वकिलीकडे जाणाऱ्यांनी तर नाहीच.

आणि कागदावर 'देअरफोर' आहे पण मागे कारणच नाही, असे झाले तर? असेही कागद येतात. 'युअर रिक्वेस्ट इज, देअरफोर, रिजेक्टेड', आणि आधी नुसती पोच. सरकारी कचेरीपुरता ह्यावर उपाय आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ मध्ये, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणावर टाकलेले आहे. त्याच कायद्याखाली मागितलेली माहिती नाकारायची तर नाकारण्याचे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण, ही तिन्ही कळवावी लागतात. पहिले अपील ३० दिवसांत करायचे असते. पत्राच्या लिफाफ्यावरची तारीख म्हणूनच फाडून टाकू नये. आमच्याकडे येणारे निम्मे लोक पत्र आणतात आणि लिफाफा घरी चुलीत घालून येतात.

अर्ज आपण लिहितो तेव्हाही हीच शिस्त पाळावी, असे आमचे सांगणे आहे. आपले लोक अर्जात दुःख फार लिहितात. 'मी गरीब असून माझे कोणी नाही' इथून सुरुवात होते आणि दोन पाने जातात. दुःख खोटे नसते, पण वाचणारा ज्या गोष्टीवरून निर्णय देणार ती गोष्ट पान दोनवर सापडते, आणि कधी सापडतही नाही. आधी घडलेले लिहा, तारखेसह. मग नियम कोणता लागतो तो माहीत असेल तर लिहा. मग कागद कोणते जोडले ते. त्यानंतरच 'सबब' येऊ द्या, आणि 'सबब'च्या पुढे एकच मागणी. तीन मागण्या एका 'सबब'ला टांगल्या की तिन्ही लोंबकळत राहतात. हे आम्ही आमच्याच चुकांतून शिकलो. आम्ही लिहिलेले एक-दोन अर्ज असेच परत आलेले आहेत.

त्या भगिनीच्या पत्राला उत्तर मुलीनेच लिहिले. आम्ही शेजारी बसलो होतो. इंग्रजीत पाच वाक्ये झाली. पॉलिसीवरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव ही एकाच व्यक्तीची आहेत. एक नाव माहेरचे, दुसरे लग्नानंतरचे. सोबत प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि विवाह नोंदणीची प्रत जोडली आहे. चौथे वाक्य लिहिताना तिने पेन थांबवले आणि विचारले, "काका, आता देअरफोर चालेल ना? आता मागे कारण आहे." आम्ही म्हटले, "चालेल की. स्वल्पविराम विसरू नकोस."

मावशी इतका वेळ गप्प होती. कागद तयार झाल्यावर म्हणाली, "भाऊ, एकदा मोठ्यानं वाचून दावा. मला इंग्रजी कळायचं न्हाई, पर माझं नाव कुठं येतंय ते मला ऐकायचंय." मुलीने वाचले. नाव दोनदा आले, एकदा माहेरचे आणि एकदा सासरचे. मावशीने मान हलवली आणि कागद घडी न घालता वहीत सरळ ठेवला. दुसऱ्या दिवशी जंक्शनच्या एसटीने तो बारामतीला गेला, रजिस्टर पोस्टाने रवाना झाला. पोचपावती डब्यात आहे. डबा ह्या वेळी फळीवरून खाली, मुलीच्या दप्तराजवळ ठेवला आहे. दोन महिन्यांनी कंपनीचे दुसरे पत्र आले. त्यात आणखी एक कागद मागितला होता, मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत. 'देअरफोर' त्यात नव्हता. मुलीने पत्र स्वतःच वाचले आणि आमच्याकडे फक्त एवढेच विचारायला आली, की मूळ प्रत दिली तर आपल्याजवळ काय ठेवायचे. ग्रामपंचायतीतून आणखी दोन प्रती काढून घ्या, असे आम्ही सांगितले.